हिमनदीवर बाटली नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी येथे, वानाका या गावी, सकाळच्या चहाबरोबर वाचला आणि संध्याकाळपर्यंत तो मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. क्वीन्सटाउनहून हेलिकॉप्टरने उड्डाण करायचे, सदर्न आल्प्समधील एखाद्या हिमनदीवर उतरायचे आणि तेथे बर्फात खोचून गार केलेली स्थानिक क्राफ्ट बीअर (लहान ब्रूअरीत तयार केलेली बीअर) चाखायची, अशा सहलीचे वर्णन त्या लेखात आहे आणि मराठी पर्यटकांनी हा अनुभव चुकवू नये अशी शिफारसही आहे. मी मूळची साताऱ्याची. गेली बारा वर्षे या परिसरात राहते आणि त्यांपैकी नऊ वर्षे एका लहानशा ब्रूअरीत बीअर तयार करण्याचे काम करते. त्यामुळे या सहलीतल्या दोन्ही गोष्टी, डोंगर आणि बीअर, माझ्या रोजच्या जगण्यातल्या आहेत आणि दोन्हींवर माझा मनापासून जीव आहे. म्हणूनच मला सांगावेसे वाटते की, हेलिकॉप्टरने अवश्य जावे आणि येथील बीअरही अवश्य चाखावी. मात्र ती खाली खोऱ्यात, जेथे ती तयार होते तेथे चाखावी. हिमनदीवर बाटली नेऊ नये.

माझा विरोध हेलिकॉप्टरला आहे असे कोणी समजू नये. येथील अनेक सहलींमध्ये हेलिकॉप्टर डोंगरांवरून एक फेरी मारून खोऱ्यातल्या एखाद्या ब्रूअरीजवळच्या कुरणात उतरते, प्रवासी खाली उतरून तासभर निवांत बसतात, चार-पाच छोट्या ग्लासांतून वेगवेगळ्या बीअर चाखतात आणि परततात. अशा सहलीविषयी माझी काहीच तक्रार नाही. लेखात मात्र ज्या प्रकाराचे कौतुक आहे तो दुसरा आहे, आणि तो लोकप्रिय झाला तर आपले लोक हौसेने त्याचीच मागणी करतील, ही माझी काळजी आहे.

हेलिकॉप्टरचे महत्त्व मला माझ्या वडिलांमुळे कळले. त्यांचे तारुण्य अजिंक्यतारा, सज्जनगड आणि वासोटा करण्यात गेले. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून वासोट्याच्या जंगलात शिरायचे, वर चढायचे, हा त्यांचा दर हिवाळ्याचा नेम होता. पंचाहत्तरीत ते माझ्याकडे आले तेव्हा दोन्ही गुडघे निकामी झाले होते आणि घरासमोरचा उतारही त्यांना काठीशिवाय उतरवत नव्हता. त्यांना बर्फाचा डोंगर जवळून पाहायचा होता. आओराकी (माउंट कुक) या न्यूझीलंडमधील सर्वांत उंच शिखराच्या पायथ्याजवळून आम्ही टास्मान हिमनदीवर जाणारे उड्डाण ठरवले. पहिल्या दिवशी वायव्येचा वारा सुटला म्हणून उड्डाण रद्द झाले, दुसऱ्या दिवशी ढग खाली आले म्हणून रद्द झाले. तिसऱ्या सकाळी आकाश स्वच्छ होते. वर पोहोचल्यावर पायलटने इंजिन बंद केले, पाती हळूहळू थांबली, आणि मग जी शांतता पसरली तिचे वर्णन मला आजही नीट करता येत नाही. दूर कोठेतरी बर्फाचा कडा कोसळल्याचा आवाज आला, तो थांबला आणि पुन्हा काहीच ऐकू येईना. वडील वाकले, चिमूटभर बर्फ उचलून त्यांनी कपाळाला लावला आणि आओराकीकडे पाहत उभे राहिले. आमच्याकडे जेमतेम पंधरा मिनिटे होती. त्या पंधरा मिनिटांत शेजारच्या गटाने बाटल्या उघडल्या असत्या, ग्लासांचे फोटो काढले असते, तर वडिलांच्या वाट्याला काय आले असते, हा विचार आपला लेख वाचताना माझ्या मनात आला.

हवाई मार्गाने हिमनदीवर जाण्याची येथील प्रथा जुनी आहे. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये हॅरी विग्ली यांनी स्की बसवलेले छोटे विमान याच टास्मान हिमनदीवर उतरवले आणि गिर्यारोहक नसलेल्या माणसालाही बर्फावर पाय ठेवणे शक्य झाले. वृद्ध, अपंग, लहान मुले घेऊन आलेले पालक अशा कितीतरी लोकांचे या सोयीने भले झाले आहे. फ्रान्झ जोसेफ हिमनदीवर तर २०१२ पर्यंत वाटाड्यांबरोबर खोऱ्यातून चालत जाता येत असे. हिमनदी इतकी मागे सरकली आणि तिचे टोक इतके धोकादायक झाले की ती वाट बंद करावी लागली, आणि दोन वर्षांनी शेजारच्या फॉक्स हिमनदीवरही तेच घडले. आज तेथील बर्फावर पाऊल ठेवायचे तर पर्यटकाला हेलिकॉप्टरशिवाय मार्ग नाही. हे लिहिताना मला दुःख होते, कारण ज्या तापमानवाढीने ती वाट बंद झाली, तिच्यात आपल्या उड्डाणांचाही थोडा वाटा आहे. सहा प्रवासी नेणारे एका इंजिनाचे हेलिकॉप्टर तासाला पावणेदोनशे लिटरांच्या आसपास इंधन जाळते, आणि एक लिटर इंधन जळले की सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. येथील शास्त्रज्ञ १९७७ पासून दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस विमानातून हिमरेषेची छायाचित्रे घेत आले आहेत. त्यांच्या मोजणीनुसार त्यानंतरच्या चार दशकांत सदर्न आल्प्समधला सुमारे एक तृतीयांश बर्फ नाहीसा झाला. टास्मान हिमनदीच्या पायथ्याशी आज कित्येक किलोमीटर लांबीचे तळे आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तेथे तळे नव्हते, बर्फच होता. म्हणून माझे म्हणणे असे की, ज्याला चालत जाता येत नाही त्याने आयुष्यात एकदा हे उड्डाण करावे आणि त्या पंधरा मिनिटांचा क्षणन् क्षण डोंगराला द्यावा. केवळ बाटली वेगळ्या जागी उघडायची म्हणून इतके इंधन जाळणे मला पटत नाही.

आता बीअरविषयी लिहिते, कारण हा माझा पेशा आहे आणि लेखातील ‘बर्फावर चाखलेल्या बीअरची चव काही औरच’ हे वाक्य मला विशेष खटकले. बीअरची चव जिभेवर जितकी असते त्यापेक्षा कितीतरी अधिक नाकात असते. कडूपणा, गोडवा, आंबटपणा जीभ ओळखते. परंतु हॉप्सचा (बीअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) सुगंध, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) भाजलेला वास, यीस्टने आंबवताना निर्माण केलेली फळांची छटा हे सारे वासाचे काम आहे. वास येण्यासाठी सुगंधी द्रव्ये ग्लासातून उडून नाकापर्यंत पोहोचावी लागतात, आणि बीअर गोठणबिंदूच्या जवळ गेली की ती फारशी उडत नाहीत. हॉप्सचा भरपूर वापर केलेली बीअर आम्ही सात ते दहा अंश सेल्सिअसला देतो, त्याचे कारण हेच. बर्फात खोचलेल्या बाटलीतली बीअर शून्याजवळ असते. तिच्यात कडूपणा आणि गारवा यांखेरीज जवळजवळ काही कळत नाही. त्यातच अडीच हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो, आणि उड्डाणात हिंदकळलेली बाटली उघडली की फेस उतू जातो. हिमनदीवरची हवा कोरडी असते, तिने नाक सुकते. वारा ग्लासावर जमलेला उरलासुरला सुगंध उडवून नेतो. हेलिकॉप्टर नुकतेच उतरलेले असते आणि त्याचे इंधन म्हणजे एक प्रकारचे रॉकेलच, त्यामुळे बर्फावरही काही वेळ जळलेल्या रॉकेलचा वास रेंगाळत असतो. अशा ठिकाणी कोणी आमची बीअर चाखून ‘छान आहे’ म्हणाले, तर त्या शब्दांतून आमच्या कामाचे काहीच पारखले गेलेले नसते, आणि ज्या माणसाने तीन आठवडे त्या टाकीची काळजी घेतली त्याच्यावर तो अन्याय आहे.

आणि ही बीअर पारखण्याजोगी आहे, म्हणूनच मी इतके लिहीत आहे. या बेटाच्या उत्तर टोकाला नेल्सनचा परिसर आहे. तेथील मोटुएका, रिवाका, टापावेरा या गावांभोवती उंच तारांवर हॉप्सचे वेल चढवलेले असतात, आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत त्यांची तोडणी चालते. मोटुएका आणि रिवाका ही हॉप्सच्या जातींचीही नावे आहेत. २००० साली ‘नेल्सन सोव्हिन’ नावाची जात बाजारात आली. तिच्या वासात पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनची, पॅशनफ्रूटची आठवण येते आणि आज जगभरातल्या बीअर बनवणाऱ्यांना ती हवी असते. तोडणीच्या दिवसांत वेलावरून उतरवलेले ओले हॉप्स, न वाळवता, एका दिवसाच्या आत उकळत्या वर्टमध्ये (माल्टपासून काढलेल्या गोड द्रावात, जो आंबवून बीअर होते) टाकून जी बीअर होते तिला ताजेपणाचा, हिरवा, जवळजवळ चिरलेल्या गवतासारखा वास असतो, आणि ती महिना-दोन महिन्यांत संपवावी लागते. ही बीअर ज्याने एप्रिलमध्ये एखाद्या ब्रूअरीच्या बाकावर बसून चाखली, त्याने या प्रदेशाची खरी चव घेतली असे मी म्हणेन. माल्ट कॅन्टरबरीच्या मैदानातल्या जवापासून तयार होतो. पाणी आमच्याकडे तळ्याचे, मऊ. कोणत्या बीअरसाठी त्यात कोणते क्षार किती मिसळायचे, हे ठरवण्यातच माझी सोमवारची सकाळ जाते.

या देशाचा आणि बीअरचा संबंध याच डोंगरांच्या किनाऱ्यावर सुरू झाला, ही गोष्ट फार थोड्या पर्यटकांना सांगितली जाते. १७७३ मध्ये कॅप्टन जेम्स कुक यांचे ‘रिझोल्यूशन’ हे जहाज या बेटाच्या नैर्ऋत्येकडील फिओर्डलँडमधल्या डस्की साउंड या खाडीत नांगरून राहिले होते. खलाशांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) होऊ नये म्हणून कुक यांनी रिमू वृक्षाच्या कोवळ्या फांद्या आणि मानुका या झुडपाची पाने उकळून, त्यात माल्टचा अर्क आणि काकवी मिसळून बीअर तयार करवली. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ती पहिली बीअर. पुढे सोन्याच्या शोधात माणसे ओटागोच्या खोऱ्यांत आली आणि त्यांच्यामागून बीअर तयार करणारेही आले. त्यानंतर १९१७ ते १९६७ या पन्नास वर्षांत संध्याकाळी सहा वाजता दारूचे गुत्ते बंद करण्याचा कायदा होता. कामावरून पाच वाजता सुटलेली माणसे तासाभरात मिळेल तेवढी बीअर घशात ओतत. चवीचा विचार करायला तेव्हा कोणाला सवड नव्हती आणि दोन-तीन मोठ्या कंपन्यांच्या एकसारख्या बीअरने सगळा देश भरून गेला होता. १९८१ मध्ये टेरी मॅककॅशिन या माजी रग्बीपटूने नेल्सनजवळ स्वतःची लहान ब्रूअरी काढली, तेथून लहान ब्रूअरींचे युग सुरू झाले. घाईने पिण्याच्या सवयीतून सावकाश चाखण्याच्या सवयीकडे यायला या देशाला इतका काळ लागला. बर्फावरच्या पंधरा मिनिटांत पाती फिरायला लागण्याआधी ग्लास रिकामा करणे म्हणजे मला पुन्हा त्या सहा वाजताच्या घाईकडे जाणे वाटते.

याहून मोठे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते मराठी वाचकांना लगेच समजेल अशी माझी खात्री आहे. आओराकी हे केवळ ३,७२४ मीटर उंचीचे शिखर नाही. दक्षिण बेटावरील नाई ताहू या माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी) समाजाच्या परंपरेत आओराकी हा आकाशपिता राकी याचा पुत्र आहे. तो आणि त्याचे भाऊ होडीतून प्रवास करत असताना होडी खडकावर अडकून कलंडली, भाऊ होडीच्या उंच बाजूवर चढून बसले आणि तेथेच गोठून दगड झाले; होडीचे बेट झाले आणि भावांची शिखरे झाली. सर्वांत उंच तो आओराकी, नाई ताहूंचा पूर्वज. १९९८ च्या कायद्याने सरकारने नाई ताहूंवर झालेल्या अन्यायाची कबुली दिली, तेव्हा शिखराच्या अधिकृत नावात ‘माउंट कुक’च्या आधी आओराकी हा शब्द आला आणि नाई ताहूंचे या डोंगराशी असलेले नाते कायद्याने मान्य झाले. शिखराचे अगदी टोक हे पूर्वजाचे मस्तक, म्हणून गिर्यारोहकांनी त्या टोकावर पाय ठेवू नये, अशी त्यांची विनंती आहे आणि अनेक गिर्यारोहक टोकाच्या किंचित खाली थांबून ती पाळतात. माओरी आचारात मस्तक हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग असतो आणि अन्नपाणी पवित्र गोष्टींपासून दूर ठेवायचे असते. पर्यटकांची हेलिकॉप्टरे शिखराच्या टोकावर उतरत नाहीत, हिमनदीवर खाली उतरतात, हे मला ठाऊक आहे, आणि तेथे काय प्यावे याविषयी नाई ताहूंच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही. तरीही ज्याच्या डोक्यावर पाय ठेवू नका असे त्याचे वंशज हात जोडून सांगतात, त्याच्या मांडीवर बसून आपण बाटली उघडावी, हे माझ्या मनाला पटत नाही.

आपण मराठी माणसे गडावरच्या बाटलीविषयी काय म्हणतो, ते आठवावे. राजगडावर, रायगडावर, सिंहगडावर फुटक्या बाटल्यांच्या काचा सापडल्या की आपला संताप होतो. दुर्गप्रेमी संस्थांचे तरुण रविवारी पोती घेऊन जातात आणि त्या काचा वेचून खाली आणतात. वासोट्याला जाताना वनखात्याच्या चौकीवर पिशव्या तपासतात तेव्हा माझ्या वडिलांना त्याचा राग येत नसे, उलट ते आपली पिशवी स्वतःहून पुढे करत. मद्यपान चांगले की वाईट हा तेथे प्रश्नच नसतो. ती जागा त्यासाठी नाही, एवढेच आपले म्हणणे असते, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याने ते समजून घ्यावे अशी आपली रास्त अपेक्षा असते. तीच अपेक्षा आपण परक्या देशात पाहुणे म्हणून गेल्यावर स्वतःकडून का ठेवू नये? एक वर्षापूर्वी मी पुण्याहून आलेल्या एका गटाबरोबर हिंडत होते. त्यातील एका ताईंना मी आओराकीची ही कथा सांगितली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘मग येथे चप्पल काढायची का?’ बर्फावर चप्पल काढता येत नाही, हे मी त्यांना हसत सांगितले; परंतु त्या प्रश्नामागचा भाव मला फार आवडला. तो भाव आपल्या लोकांत आहेच. पर्यटनविषयक लेखांनी त्याला जागे करावे, बाजूला सारू नये.

लेखात सुरक्षिततेविषयी एकही वाक्य नाही, याचा मात्र मला खेद वाटला. फिओर्डलँड आणि पश्चिम किनाऱ्यावरचे हवामान अत्यंत लहरी आहे. मिलफर्ड साउंड येथे वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आंबोलीचा पाऊस पाहिलेल्यांना त्याची कल्पना येईल, फरक इतकाच की येथे तो बाराही महिने कोसळत असतो. समुद्रावरून येणारा वायव्येचा वारा डोंगरांवर आदळला की काही मिनिटांत ढग दाटतात आणि बर्फ, ढग व आकाश यांचा पांढरा रंग एक होऊन पायलटला जमीन दिसेनाशी होते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये फॉक्स हिमनदीवर पर्यटकांचे हेलिकॉप्टर कोसळून पायलट आणि सहाही प्रवासी मृत्युमुखी पडले. आपल्याकडे २०२५ च्या जूनमध्ये केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले आणि त्या सात मृतांत महाराष्ट्रातील प्रवासीही होते. ही नावे घेण्याचा उद्देश घाबरवण्याचा नाही. पायलटने ‘आज नाही’ म्हटले की त्याच्याशी वाद घालू नये, पैसे भरले आहेत म्हणून आग्रह करू नये, आणि प्रवासाच्या आखणीत उड्डाणासाठी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत, एवढेच मला सांगायचे आहे. आपल्याकडच्या गटसहलींत क्वीन्सटाउनला दोन रात्री असतात आणि त्यातील एकाच सकाळी उड्डाण ठरवलेले असते. मग ते रद्द झाले की सहलीच्या व्यवस्थापकावर आरडाओरडा होतो आणि त्याचा दबाव नकळत पायलटपर्यंत पोहोचतो. हे मी येथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

बीअर आणि उड्डाण यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी उड्डाण, मग बीअर. हेलिकॉप्टरच्या हेलकाव्यांनी अनेकांना मळमळते आणि पोटात बीअर असली की ती वाढते. बीअरने लघवीला होते आणि हिमनदीवर शौचालय नसते, हे स्पष्टच लिहिलेले बरे. शिवाय चालू पात्यांच्या आसपास वावरताना माणूस पूर्ण भानावर असावा लागतो. पायलटच्या दिशेने, वाकून, त्याच्या नजरेत राहूनच चालायचे आणि शेपटाकडच्या पात्याकडे कधीच जायचे नाही, ही सूचना उड्डाणाआधी दिली जाते, आणि ती एका ग्लासानंतरही विसरली जाऊ शकते. बीअर चाखल्यावर भाड्याची मोटार चालवू नये. न्यूझीलंडमध्ये वीस वर्षांवरील चालकासाठी रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम आहे, वीस वर्षांखालील चालकासाठी ती शून्य आहे. आपल्याकडच्या ३० मिलिग्रॅमपेक्षा ती सैल दिसते, म्हणून काही जण निर्धास्त राहतात. परंतु क्वीन्सटाउन आणि वानाका यांना जोडणारा क्राउन रेंजचा घाट हजार मीटरहून अधिक उंचीवर चढतो, हिवाळ्यात त्यावर पहाटे बर्फाचा अदृश्य थर असतो, आणि वळणे आंबेनळी घाटाची आठवण करून देतात. गावात बस आहेत, टॅक्सी आहेत, ब्रूअरींचे दर्शन घडवणाऱ्या छोट्या गाड्याही आहेत.

खर्चाविषयी एकच वाक्य. हेलिकॉप्टरच्या तिकिटाचे पैसे वाचवून जो पर्यटक दोन दिवस जास्त राहील आणि पायी हिंडेल, त्याला माझ्या मते अधिक मिळेल. हूकर खोऱ्यातील वाट जवळजवळ सपाट आहे, आणि ती खुली असेल तेव्हा धडधाकट माणसाला तीन-चार तासांत जाऊन-येऊन आओराकीचे पायथ्याकडून दर्शन घेता येते. वाटेत कीआ हा डोंगरी पोपट भेटला तर त्याला काही खायला घालू नये; तो फार धीट आणि हुशार पक्षी आहे, आणि माणसाच्या अन्नाने त्याचे नुकसान होते.

माझ्या वडिलांना त्या दिवशी खाली उतरल्यावर मी आमच्या ब्रूअरीत नेले. ते बीअर घेत नसत. परंतु मुलगी काय करते ते त्यांना पाहायचे होते. मी त्यांना हॉप्सचे वाळलेले बोंड तळहातावर चोळून त्याचा वास घ्यायला सांगितले. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ वास घेतला आणि म्हणाले, ‘करवंदाच्या जाळीत शिरल्यासारखे वाटते.’ नऊ वर्षांत या हॉप्सच्या वासाचे इतके नेमके वर्णन मी कोणा परीक्षकाकडूनही ऐकलेले नाही, आणि ते एका घोटाशिवाय झाले होते. मग त्यांनी चमचाभर वर्ट चाखला, गोड आहे म्हणाले, आणि टाकीला हात लावून पाहिला.

आपणास विनंती आहे की, पर्यटन पुरवणीत या सहलीविषयी पुन्हा काही प्रसिद्ध होईल तेव्हा चार गोष्टी त्यात अवश्य असाव्यात: आओराकीविषयी नाई ताहूंची विनंती, हवामानामुळे उड्डाण रद्द होण्याची शक्यता आणि त्यासाठी लागणारे मोकळे दिवस, मद्यपान करून वाहन चालवण्याविषयीचा येथील कायदा, आणि ताज्या हॉप्सच्या बीअरचा हंगाम मार्चच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत असतो ही माहिती. ज्या वाचकांनी त्या लेखावरून सहल ठरवली असेल त्यांनी आपल्या सहल कंपनीला आधीच सांगावे की, आमच्या वाट्याची बाटली हिमनदीवर नेऊ नका, ती ब्रूअरीतच ठेवा, आम्ही उतरल्यावर तेथे येऊ. असे सांगणारे प्रवासी आले तर येथील व्यावसायिक सहलीची आखणी आनंदाने बदलतील. त्यांच्यापैकी अनेकांना मी ओळखते, आणि डोंगरावर त्यांचेही प्रेम आहे.

आपली नम्र,
एक मराठी वाचक,
वानाका, न्यूझीलंड